फ्लिकर म्हणजे लुकलुकणं, मिणमिणणं की फडफडणं?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकांनी विचारलंय. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्या एक इंग्रजी गोष्ट मराठीत आणतायत. गोष्टीत 'फ्लिकर' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: वाऱ्यात कंदील फ्लिकर होतो, आजीच्या चेहऱ्यावर हसू फ्लिकर होतं, स्वयंपाकघरातली ट्यूब आणि टीव्हीचा पडदा दोन्ही फ्लिकर होतात, आणि शेवटी 'अ फ्लिकर ऑफ होप' उरतो. कोशात लुकलुकणे, मिणमिणणे, फडफडणे, थरथरणे असे शब्द एका ओळीत दिलेत. यातला बरोबर कोणता, हा शब्द मूळचा कुठला, आणि ग्लिमर, ट्विंकल वगैरेंहून तो वेगळा कसा, असं त्यांना हवंय.

बाई, पहिला प्रश्न तुम्ही विचारलाय तसा सुटायचा नाही. कोशातले चारही शब्द बरोबर आहेत आणि चारांपैकी एकही सगळीकडे चालणार नाही. कोश यादी देतो; कुठला शब्द कुठे बसवायचा हे तो सांगत नाही. मी बेळगावात इंग्रजी, मराठी आणि कन्नड या तिन्हींमध्ये भाषांतराचं काम करतो, खरेदीखतापासून बल्बच्या खोक्यावरच्या सूचनांपर्यंत काहीही हाताखालून जातं. फ्लिकरसारखा शब्द आला की मी आधी त्याचं मूळ बघतो. हौस म्हणून नव्हे. मूळ कळलं की शब्द मराठीत का सांडतोय तेही बहुतेक वेळा कळतं.

फ्लिकर हा जन्माने उजेडाचा शब्दच नाही. जुन्या इंग्रजीत 'फ्लिकोरियन' असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता पंख फडफडवणे, पाखराने हलकेच, भराभर पंख मारणे. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीने व्हीनस या रोमन प्रेमदेवतेच्या मूर्तीचं वर्णन करताना तिच्या डोक्यावरच्या कबुतरांसाठी हेच क्रियापद वापरलंय. ती कबुतरं चमकत नाहीत, फडफडतात. ज्योतीसाठी, उजेडासाठी हा शब्द १६०० च्या आसपास दिसू लागतो आणि चांगला रुळतो तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे शब्दाच्या आयुष्याचा मोठा भाग पाखरांबरोबर गेला, दिव्याशी सोयरीक उशिरा झाली. नातलग भाषांत मात्र उजेडाचा अर्थ ठळक आहे: डच 'फ्लिकेरेन' म्हणजे चमचमणं, जर्मन 'फ्लाकर्न' म्हणजे ज्योत हेलकावणं.

अमेरिकेत एका जातीच्या सुतारपक्ष्याला फ्लिकर म्हणतात. हे नाव १८०८ पासून नोंदलेलं आहे. काही जण म्हणतात ते त्याच्या आवाजावरून पडलं, काही म्हणतात उडताना दिसणाऱ्या पांढऱ्या पिसांवरून. मला दुसरं जास्त आवडतं, कारण त्यात पंख आणि चमक एकाच ठिकाणी येतात.

आता मराठीकडे या. पाखरू फडफडतं, निशाण फडफडतं, आणि वारा लागला की दिव्याची ज्योतही फडफडते. इंग्रजीने पंखावरून ज्योतीवर जी उडी मारली तीच मराठीनेही मारलीय. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. वाऱ्यातली ज्योत बघितली तर दुसरं काही सुचणारही नाही. संस्कृतातही असंच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा दृष्टांत आहे, 'यथा दीपो निवातस्थो नेङ्गते'. इंग्रजी भाषांतरांत इथे फ्लिकर हा शब्द सर्रास भेटतो. मुळात 'इङ्गते' म्हणजे हलतो, एवढंच. उजेडाचं नावही नाही. 'स्फुर्' हा धातूही पाहा: थरथरणं, धडधडणं आणि चमकणं हे तिन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. मराठीत आपण बाहू स्फुरण पावतात म्हणतो आणि कविता स्फुरली असंही म्हणतो. चमकण्याचा अर्थ तेवढा मागे पडला.

म्हणून माझी पद्धत अशी: फ्लिकर दिसला की उजेडाचा शब्द शोधायचा नाही, हलतंय काय ते आधी बघायचं. ज्योत हलतेय, विजेचा दाब हलतोय, पापणी हलतेय की मनातली भावना? इंग्रजी या सगळ्या हालचालींना एकच शब्द लावून मोकळी होते. मराठीत प्रत्येकीचं क्रियापद वेगळं. तुम्हाला कोशात चार शब्द सापडले ते त्यामुळेच.

एक व्याकरणाची गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. फ्लिकर, फ्लटर, ग्लिमर, शिमर, ग्लिटर या सगळ्यांच्या शेवटी 'अर' आहे. ट्विंकल आणि स्पार्कल यांच्या शेवटी 'ल'. जुन्या जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, डच, जर्मन यांच्या घराण्यात, हे प्रत्यय क्रिया पुन्हा पुन्हा, छोट्या छोट्या तुकड्यांत घडते हे दाखवायला लागायचे. एकदा चमकलं तर स्पार्क, चमकत राहिलं तर स्पार्कल. आपण हे काम शब्द दुमडून करतो: लुकलुक, मिणमिण, चमचम, लखलख, फडफड, थरथर. त्यामुळे या वर्गातल्या इंग्रजी शब्दाला मराठीत बहुधा दुमडलेलाच शब्द बसतो, आणि 'चमकणे' हे एकेरी क्रियापद घातलं की वाक्य सपाट होतं. विद्यार्थ्यांच्या भाषांतरांत ही चूक फार दिसते. 'तारे चमकत होते' यात चूक काही नाही, पण तारे जिवंत राहत नाहीत.

आता आपले शब्द. लुकलुकणं हे लहान, लांबच्या ठिपक्याचं काम. तारे लुकलुकतात, दरीपलीकडच्या गावातले दिवे लुकलुकतात. यात दुबळेपणा असेलच असं नाही, विझण्याची भीतीही नाही. अंतर मात्र हवं. तारा लुकलुकतो कारण त्याचा प्रकाश आपल्या वातावरणातल्या हलत्या हवेच्या थरांतून वाकत येतो, आणि तारा इतका दूर की तो आपल्यासाठी एक बिंदूच असतो. गुरू किंवा शुक्र दिसायला छोटीशी चकती असतात, म्हणून ते बरेचसे स्थिर दिसतात. 'आकाशात शुक्र लुकलुकत होता' असं कुणी लिहिलं की मी पेन्सिलीने खूण करतो. काजवे लुकलुकतात तेही चालतं, कारण ते खरोखर मिटतात आणि पेटतात. मे संपता संपता जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात तुमच्या मुलांनी ते पाहिलेलेच असणार.

मिणमिणणं वेगळं. त्यात उजेड कमी असतो, आणि हलण्यापेक्षा हा कमीपणाच महत्त्वाचा. काजळी धरलेल्या काचेचा कंदील मिणमिणतो, व्होल्टेज पडलं की बल्ब मिणमिणतो. तो अगदी स्थिर असला तरी मिणमिणता म्हणता येतो. म्हणून मिणमिणणं हे फ्लिकरपेक्षा ग्लिमरच्या जवळ आहे.

आपल्या भागात या शब्दापाशी एक खड्डा आहे. तुमच्या वर्गातली मुलं घरी मराठी बोलतात आणि आजूबाजूला कन्नड ऐकतात. कन्नडमध्ये तारा 'मिनुगतो', म्हणजे चमचमतो, आणि काजव्याला 'मिणुकुहुळ' किंवा 'मिंचुहुळ' म्हणतात. मिनुगु आणि मिणमिण कानाला सख्ख्या बहिणी वाटतात, पण स्वभाव उलटे. कन्नड चित्रपटातल्या कल्पना या अभिनेत्रीला कौतुकाने 'मिनुगु तारे' म्हणत. मराठीत एखाद्या नटीला मिणमिणती तारका म्हणून बघा, ती पुन्हा तोंड दाखवायची नाही. शब्दांचं सख्खेपण इथे लगेच मान्य करू नये असं माझं मत आहे; अनुकरणातून घडलेले शब्द वेगवेगळ्या भाषांत आपापले सारखे होऊ शकतात. भाषांतर करणाऱ्याला एवढं कळलं की पुरे: मूल 'मिणमिणता तारा' लिहील तेव्हा त्याच्या डोक्यात कन्नड चालू असेल.

फडफडणं म्हणजे ज्योत जागची हलणं, कधी मोठी कधी बारीक होणं, आणि बहुतेक वेळा विझण्याच्या काठावर असणं. या शब्दात धोका आहे. याच्या अगदी समोर उभं राहणारं क्रियापद म्हणजे तेवणं. समई तेवते, नंदादीप तेवतो. तेवण्यात जळणं आहे, शांतपणा आहे, आणि कुणीतरी तेलवात बघतंय हेही आहे. इंग्रजीत याला एकटा शब्द नाही, 'बर्न' बरोबर 'स्टेडिली' जोडावं लागतं. फ्लिकरला मराठीत चार शब्द आणि तेवण्याला इंग्रजीत एकही नाही, म्हणजे हिशेब तसा फिटला.

लखलखणं, झगमगणं, चकाकणं यांना या गोष्टीत जागा नाही. लखलखणं विजेचं नि तलवारीच्या पात्याचं, झगमगणं दिवाळीच्या बाजाराचं, चकाकणं घासलेल्या भांड्याचं. फ्लिकरमध्ये एवढा डौल नसतो.

इंग्रजी शेजाऱ्यांबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. ट्विंकल हा जुना 'ट्विंक' पासून आलेला, त्याचा अर्थ डोळा मिचकावणं. 'इन द ट्विंकलिंग ऑफ ॲन आय' यात तो अर्थ अजून शिल्लक आहे, आणि आपलं 'डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच' हे त्याचं तंतोतंत जोडीदार आहे. संस्कृत 'निमिष' म्हणजेही पापणीची मिट, आणि तेवढाच वेळ. ग्लिमर हा मध्ययुगीन इंग्रजीत चांगला झळाळणारा शब्द होता, हळूहळू मंद झाला. व्युत्पत्तिकार त्याला 'चमकणे' अर्थाच्या ज्या आदिम इंडो-युरोपीय धातूकडे नेतात, त्याच धातूतून इंग्रजीचं गोल्ड आणि आपलं हिरण्य आलं असं मानतात. शिमर म्हणजे पाण्यावर, रेशमावर, तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसणारं तरळणं. त्यात उघडझाप नसते.

क्रिकेटच्या बातम्यांत 'सिंटिलेटिंग' खेळी दिसते, तो शब्द लॅटिन 'सिंटिला' म्हणजे ठिणगी यातला. लोकांच्या तोंडी त्यातली अक्षरं उलटसुलट झाली आणि फ्रेंचमध्ये 'एतँसेल' उरला. त्या घराण्यातून इंग्रजीत दोन शब्द शिरले जे ऐकून कुणाला ठिणगी आठवणार नाही: टिन्सेल, म्हणजे नाताळच्या झाडावरची चमकी, आणि स्टेन्सिल, म्हणजे पत्रा कापून भिंतीवर अक्षरं रंगवायचा छाप. तुमच्या गोष्टीशी याचा संबंध नाही. पण भित्तिपत्रकाचं नाव तुम्ही स्टेन्सिलने रंगवत असाल तर मुलांना सांगून टाका.

सारखे वाटणारे सगळेच शब्द एका घरातले नसतात, हेही लक्षात असू द्या. फ्लाय, फ्लॅप, फ्लिट, फ्लटर, फ्लॅश, फ्लेम यांची सुरुवात एकच, पण फ्लेम लॅटिनमधून फ्रेंचवाटे आलेला आणि फ्लाय जर्मानिक. 'फ्ल' म्हटलं की इंग्रजी कानाला चपळ, हलकं काहीतरी ऐकू येतं, म्हणून ते एका पंगतीत बसतात. मराठीत 'फडफड, फुरफुर, फरफर' एकत्र ऐकून असंच वाटतं.

आता तुमची वाक्यं. कंदिलाचं वाक्य त्याच्या पुढच्या वाक्यावर अवलंबून आहे. कंदील पुढे विझणार असेल तर 'वाऱ्याने कंदिलाची ज्योत फडफडली' असंच लिहा. वाचणाऱ्याला धोका आधीच कळू दे. विझणार नसेल, नुसतं वातावरण करायचं असेल, तर 'ज्योत थरथरली' पुरे. 'कंदील लुकलुकला' मात्र नको, जोपर्यंत तो शेताच्या पलीकडून येणाऱ्या माणसाच्या हातात नाही.

आजीचं हसू. इथे कोशातला एकही शब्द चालत नाही. हसू फडफडत नाही आणि लुकलुकलं तर आजी कार्टूनमधली वाटेल. 'आजीच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू तरळलं' असं मी लिहीन. संशय किंवा राग असता तर 'चमकून गेला' लिहिलं असतं. 'गेला' हे सहायक क्रियापद इथे फार कामाचं आहे. आलं आणि संपलं हे ते एकट्याने सांगतं.

टीव्हीच्या पडद्यासाठी थोडा यंत्राचा विचार करावा लागतो. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावर जायची. प्रत्येक चित्र बदलताना उजेड झाकावा लागतो, आणि हे झाकणं-उघडणं फार सावकाश झालं तर डोळ्याला ते जाणवतं. म्हणून प्रोजेक्टरच्या झडपेला दोन-तीन पाती लावून एकच चित्र दोन-तीनदा दाखवायला लागले. १६ चित्रं, तीन पाती, म्हणजे सेकंदाला ४८ उघडझापा. तरी पडदा थरथरायचाच, आणि म्हणून १९२० च्या दशकात सिनेमाला बोलीभाषेत 'फ्लिक' म्हणू लागले. टीव्हीसाठी मराठीत पडदा 'लुकलुकतो' किंवा 'चित्र थरथरतं', दोन्ही बोललं जातं. गोष्टीत वीज जाणार असेल तर लुकलुकतो घ्या. अँटेना हलली असेल तर चित्र थरथरू द्या.

खोक्यावरच्या सूचनांचं काम पडलं तर नियम बदलतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं आणि प्रत्येकात उजेड दोनदा चढतो-उतरतो, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला सहसा दिसत नाही. साध्या एलईडीखाली मोबाइलचा कॅमेरा धरला की पट्टे सरकताना दिसतात. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मागांवर हे नुसतं कुतूहल राहत नाही. अशा उजेडाचा आणि फिरणाऱ्या चाकाचा मेळ बसला की चाक थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसू शकतं, आणि कुणी हात घातला तर बोटं जातात. जाणते वायरमन म्हणून शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकतात. 'फ्लिकर-फ्री' चं भाषांतर 'न लुकलुकणारा' केलं तर गिऱ्हाईक म्हणेल, माझा जुनाही लुकलुकत नव्हता. मी 'स्थिर प्रकाश' लिहितो. अपस्माराच्या इशाऱ्यात, म्हणजे फिट येण्याच्या धोक्याची सूचना असते तिथे, 'वेगाने उघडझाप होणारा प्रकाश' लिहितो. साधारण सेकंदाला ३ ते ३० उघडझापा अशा रुग्णांना त्रासदायक ठरू शकतात, आणि तिथे सुंदर शब्दापेक्षा स्पष्ट शब्द हवा.

'अ फ्लिकर ऑफ होप' ला बहुतेक जण 'आशेचा किरण' लिहितात. मला ते पटत नाही. किरण सरळ येतो, बाहेरून येतो, आणि त्यात भरवसा असतो. इथे आशा आतली आहे आणि जेमतेम उरलेली आहे. 'आशेची धुगधुगी' हा त्यासाठी आपला शब्द. आजारी माणसाच्या छातीला हात लावून 'अजून धुगधुगी आहे' म्हणतात, तोच. तो दुमडलेलाही आहे आणि हालचालीचाही आहे, म्हणजे फ्लिकरचं मूळ काम तो पुरतं करतो. एकच अडचण: पाचवीच्या मुलांना तो माहीत नसेल, आणि गोष्ट हलकीफुलकी असेल तर मरणाची सावली उगाच पडेल. तसं असलं तर 'थोडीशी आशा अजून जागी होती' लिहून पुढे जा.

राहिली ट्यूब. चोक, स्टार्टर किंवा होल्डरातला ढिला संपर्क, यातलं काहीही असलं तरी आपल्याकडे लोक 'ट्यूब फडफडतेय', 'लाइट डिम-फुल होतेय' असंच म्हणतात, आणि दोन्ही छान आहेत. निवेदनात 'ट्यूब फडफडत होती' ठेवा. तिथे जर गोष्टीतला मुलगा आईला हाक मारून सांगत असेल, तर त्याच्या तोंडी आपल्या बोलीतलं 'आई, ट्यूब फडफडूलालीय' येऊ द्या. भित्तिपत्रक खानापुरातच वाचलं जाणार आहे. मुख्याध्यापकांनी प्रमाण मराठीचा आग्रह धरला तर निवेदन त्यांच्या मनासारखं ठेवा आणि अवतरणचिन्हातलं तेवढं राखून घ्या. गोष्ट पुढे तालुक्याबाहेर छापायला गेली तर मात्र 'फडफडतेय' करून टाका, तळटीप देत बसू नका.